सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण: संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) किंवा कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करणाऱ्या विद्यार्थ्याला संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र हे विषय बहुधा उलट्या क्रमाने भेटतात. वर्गात मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर अशी सूत्रांची रांग आधी लागते, प्रबंधाचा विषय त्यानंतर सुचतो, आणि घरोघर फिरून माहिती गोळा झाली की ‘आता कोणती टेस्ट लावू?’ हा प्रश्न घेऊन संख्याशास्त्रज्ञाचे दार वाजवले जाते. तोवर त्याच्या हातात फारसे काही उरलेले नसते. नमुना कसा निवडला, काय मोजले आणि काय मोजायचे राहिले हे सगळे ठरून गेलेले असते, आणि राहिलेली गोष्ट कोणत्याही टेस्टने भरून निघत नाही. म्हणून पुढे सुचवलेला क्रम वेगळा आहे. आधी दुसऱ्याचा एक शोधनिबंध मुळापासून वाचायचा, मग स्वतःचा प्रश्न ठरवायचा, मग आराखडा, रिकामे तक्ते आणि नमुना. सूत्रे त्या त्या टप्प्यावर गरज पडेल तशी शिकायची.

एकच शोधनिबंध, पण पूर्ण

पहिल्या सत्रात पाठ्यपुस्तकाच्या जोडीला एक चांगला शोधनिबंध निवडावा आणि तो पुरता उलगडेपर्यंत दुसरा हातात घेऊ नये. मराठी विद्यार्थ्याला जवळचा वाटेल असा एक निबंध २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या या अभ्यासात गरोदरपणी धूररहित तंबाखू वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांच्या वजनाची तुलना केली होती. मिश्री लावण्याची सवय आपल्याकडे घरोघरी परिचयाची असल्यामुळे विषय समजून घेण्यात वेळ जात नाही आणि सगळे लक्ष पद्धतीकडे देता येते. निष्कर्ष असा होता की इतर घटकांचा हिशेब केल्यावरही तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते, आणि त्या आकड्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या मर्यादांत असावा असा अंदाज) ३० ते १८१ ग्रॅम होता.

वाचताना सारांश शेवटी वाचावा. सुरुवात ‘पद्धती’ या भागापासून करावी आणि वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावे: स्त्रिया कुठून आणि कशा निवडल्या, तंबाखूची माहिती बाळंतपणाआधी घेतली की नंतर, बाळाचे वजन कोणी, कधी आणि कशावर मोजले, मध्येच किती जणी अभ्यासातून गळाल्या, कोणते इतर घटक नोंदवले. यातला दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हा अभ्यास पुढे जाणारा कोहॉर्ट, म्हणजे एका गटाचा काळानुसार पाठपुरावा करणारा, असल्यामुळे सवयीची नोंद आधी झाली आणि परिणाम नंतर दिसला. कमी वजनाचे बाळ झाल्यावर आईला ‘तुम्ही मिश्री लावत होता का?’ असे विचारले असते, तर अपराधीपणापोटी ती नाही म्हणू शकली असती किंवा कारण शोधण्याच्या भरात जास्तच आठवून सांगू शकली असती. रिकॉल बायसची, म्हणजे आठवून सांगण्यातून येणाऱ्या चुकीची, व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही एक शक्यता नीट समजली तर ती परीक्षेतही आठवते आणि प्रश्नावली बनवतानाही.

त्यानंतर तक्ते पाहावेत. पहिल्या तक्त्यात दोन गटांमधील स्त्रियांचे वय, शिक्षण, आर्थिक स्थिती यांची मांडणी असते. विद्यार्थी तो तक्ता ओलांडून पुढे जातात. खरे तर दोन गट मुळातच किती वेगळे होते हे तिथेच कळते.

प्रश्न अरुंद करणे

‘गरोदर स्त्रियांमधील तंबाखूसेवनाचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात लोक कोण, संपर्क कशाचा (म्हणजे कोणत्या सवयीचा किंवा घटकाचा परिणाम तपासायचा), तुलना कोणाशी, परिणाम कोणता आणि किती काळात, हे पाचही भाग दिसले पाहिजेत. ‘अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नोंदणी झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी पहिल्या तिमाहीत मिश्री वापरणाऱ्यांच्या बाळांमध्ये २,५०० ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजनाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या तुलनेत किती जास्त आहे?’ हे वाक्य बोजड आहे, पण त्यातून आराखडा, नमुना आणि विश्लेषण जवळजवळ आपोआप निघते.

आराखडा निवडताना हाताशी असलेला वेळ प्रामाणिकपणे मोजावा. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली फुफ्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध केस-कंट्रोल पद्धतीने (आजार असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या आधीच्या सवयींची तुलना करून) दाखवला, आणि १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा कोहॉर्ट उभा करून तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने पडताळला; त्या कोहॉर्टचा पाठपुरावा पुढे पन्नास वर्षे चालला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला मातृपोषणाचा अभ्यासही असाच पिढ्यांच्या मापाने चालणारा आहे. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात असे काही होणार नाही. छेद-अभ्यास (सवय आणि परिणाम एकाच वेळी मोजणारा) किंवा रुग्णालयातील केस-कंट्रोल हाच बहुतेकांचा वाटा असतो आणि त्यात कमीपणा काही नाही, फक्त छेद-अभ्यासाच्या शेवटी ‘यामुळे हे झाले’ असे लिहू नये.

एक मत इथेच नोंदवून ठेवतो. ‘अमुक गटातील लोकांचे अमुक विषयाबाबतचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण’ या साच्यातील प्रबंधांनी विभागांची कपाटे भरलेली आहेत. त्यातून विद्यार्थी टक्केवारी काढायला शिकतो, पण तुलना करायला क्वचितच शिकतो. मार्गदर्शकांनी असा विषय दिलाच, तर निदान एक तुलनेचा प्रश्न त्यात घालून घ्यावा.

रिकामे तक्ते आणि मगच प्रश्नावली

ही पायरी कोणी शिकवत नाही आणि सर्वांत जास्त वाचवते तीच. प्रश्नावलीचा एकही प्रश्न लिहिण्याआधी प्रबंधात येणारे सर्व तक्ते आकड्यांशिवाय काढावेत: शीर्षक, ओळींची नावे, स्तंभांची नावे, आणि खाली कोणते मोजमाप येणार ते. उदाहरणार्थ, ओळींत ‘मिश्री वापरतात / वापरत नाहीत’, स्तंभांत ‘जन्मवजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी / तेवढे किंवा जास्त’, खाली जोखमीचे गुणोत्तर आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल. मग प्रत्येक प्रश्नाला विचारावे की हा कोणत्या तक्त्यात जाणार? कुठेच जात नसेल तर तो काढून टाकावा. उलट, तक्त्यात शिक्षण हवे आहे आणि प्रश्नावलीत ते नाही, असे आढळले तर ते आत्ताच आढळलेले बरे. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली या चाळणीतून गेली की हमखास आटोपशीर होते, आणि आशाताईंसोबत उन्हात फिरून मुलाखती घेताना त्याचा अर्थ कळतो.

प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करून घेतल्यावर ते दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत आणून मूळ मजकुराशी ताडून पाहावे, आणि ज्या गावांत मुख्य अभ्यास होणार नाही अशा ठिकाणी काही लोकांवर ते वापरून पाहावे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणेल, कारण ती तंबाखू खात नाही, दातांना लावते.

नमुना किती आणि कसा

प्रमाण मोजण्यासाठी लागणाऱ्या नमुन्याचे सूत्र प्रत्येकाला पाठ असते: झेडचा वर्ग गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. ९५ टक्के खात्रीसाठी झेड १.९६, म्हणजे त्याचा वर्ग ३.८४; पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, आणि डी म्हणजे चालवून घ्यायची चूक. घोटाळा ‘डी’मध्ये होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या तालुक्यातील प्रमाण काढण्यासाठी हा आकडा आधार धरला, तर पी ५७ आणि क्यू ४३. दोन्ही बाजूंना ५ टक्के बिंदूंची चूक चालेल असे म्हटले, तर ३.८४ × ५७ × ४३ ÷ २५ म्हणजे सुमारे ३७७ स्त्रिया लागतात. पण ‘१० टक्के सापेक्ष चूक’ असे धरले तर डी हा ५७ च्या १० टक्के, म्हणजे ५.७ होतो आणि नमुना २९० वर येतो. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या प्रस्तावात) मात्र आपण कोणता अर्थ घेतला हे स्पष्ट लिहावे, आणि नमुना लहान व्हावा म्हणून सापेक्ष चूक वाढवत नेऊ नये. परीक्षक ते ओळखतात.

स्त्रिया संपूर्ण तालुक्यातून एकेक करून चिठ्ठ्या टाकून न निवडता आधी गावे आणि मग गावातील घरे अशा पद्धतीने निवडल्या, तर एका गावातील स्त्रिया एकमेकींसारख्या असल्यामुळे प्रत्येक नव्या मुलाखतीतून मिळणारी माहिती कमी होते. हा तोटा डिझाइन इफेक्टने भरून काढतात. तो १.५ धरला तर ३७७ चे ५६६ होतात, आणि दहा टक्के जणी भेटणार नाहीत किंवा नकार देतील असे धरून ५६६ ला ०.९ ने भागले की ६२९. लसीकरणाच्या पाहणीत पूर्वापार वापरात असलेली ३० गावे आणि प्रत्येकी ७ मुले ही पद्धतही याच हिशेबातून आली: ५० टक्के प्रमाण, १० बिंदूंची चूक आणि २ डिझाइन इफेक्ट धरला की १९२ येतात, ते ३० गावांत वाटताना २१० होतात. म्हणजे ती संख्या दहा बिंदूंच्या ढोबळ अंदाजासाठी आहे. त्या २१० मुलांतून मुलगे-मुली, जात, धर्म अशा सर्व उपगटांची तुलना करू पाहणे व्यर्थ आहे.

तुलनेच्या प्रश्नासाठी सूत्र वेगळे असते आणि त्यात किती फरक महत्त्वाचा मानायचा हे आधी ठरवावे लागते. तो निर्णय संख्याशास्त्राचा नाही, आरोग्याचा आहे, आणि तो विद्यार्थ्यानेच घ्यायचा असतो.

संख्याशास्त्र: सरासरीआधी विखुरणे

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना पां. वा. सुखात्मे यांचे नाव टाळता येत नाही. १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग अनेक वर्षे सांभाळला. शरीराची ऊर्जेची गरज माणसागणिक बदलते, इतकेच नव्हे तर एकाच माणसातही काळानुसार बदलते, त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित मोजणे चूक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर जोरदार वाद झाला, आणि त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा वेगळा प्रश्न. विद्यार्थ्याने त्यातून उचलायची गोष्ट ही की सरासरीभोवतीचा पसारा हा मोजमापातील कचरा नसून अनेकदा तोच मुख्य विषय असतो. प्रमाण विचलन माणसामाणसांतील फरक सांगते. प्रमाण त्रुटी आपण काढलेली सरासरी किती डळमळीत आहे ते सांगते, आणि नमुना वाढला की ती घटते. तक्त्यात अंतर लहान दिसावे म्हणून प्रमाण विचलनाच्या जागी प्रमाण त्रुटी छापण्याची खोड टाळावी.

यानंतर दोन ओळी आणि दोन स्तंभांचा तक्ता हाताने सोडवावा. संगणकावर नव्हे, कागदावर. समजा, सरावासाठी, १,००० स्त्रिया आहेत. मिश्री वापरणाऱ्या २०० पैकी ४२ जणींची बाळे कमी वजनाची आहेत, न वापरणाऱ्या ८०० पैकी १०० जणींची. जोखीम अनुक्रमे २१ टक्के आणि १२.५ टक्के, म्हणून गुणोत्तर १.६८, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.२१ ते २.३३. ऑड्स रेशो, म्हणजे (४२ ÷ १५८) भागिले (१०० ÷ ७००), काढला तर तो १.८६ येतो. परिणाम इतका सर्रास आढळणारा असताना ऑड्स रेशोला ‘जोखीम इतक्या पट’ असे म्हणणे म्हणजे संबंध फुगवून सांगणे होय, आणि लॉजिस्टिक रिग्रेशनच्या (अनेक घटकांचा एकत्र हिशेब करून ऑड्स रेशो देणाऱ्या पद्धतीच्या) निकालांत ही चूक सर्रास होते. शंभर स्त्रियांमागे ८.५ जास्त कमी वजनाची बाळे, हा फरकही लिहावा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला तोच उपयोगी पडतो.

आता त्याच स्त्रिया शिक्षणानुसार वेगळ्या करा. कमी शिकलेल्यांमध्ये मिश्रीवाल्या १५० पैकी ३६, म्हणजे २४ टक्के. न वापरणाऱ्या २०० पैकी ४०, म्हणजे २० टक्के. जास्त शिकलेल्यांमध्ये ५० पैकी ६, म्हणजे १२ टक्के. आणि ६०० पैकी ६०, म्हणजे १० टक्के. दोन्ही गटांत गुणोत्तर केवळ १.२ आहे. १.६८ मधला बराचसा भाग मिश्रीचा नव्हताच. कमी शिकलेल्या स्त्रियांमध्ये मिश्रीही जास्त आणि अन्नपाण्याच्या, कामाच्या, उपचारांच्या अडचणींमुळे कमी वजनही जास्त, त्यामुळे एकाचे ओझे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले होते. मँटेल-हेन्झेल पद्धतीने दोन्ही गट एकत्र केल्यास गुणोत्तर १.२ आणि इंटरव्हल ०.८४ ते १.७१ मिळतो. कन्फाउंडिंग म्हणजे काय हे या एका उदाहरणात जितके कळते तितके दहा व्याख्यांत कळत नाही, म्हणून आकडे बदलून ते अनेकदा करून पाहावे. पहिल्या सत्रात वाचलेल्या मुंबईच्या निबंधात ‘इतर घटकांचा हिशेब केल्यावर’ या शब्दांमागे काय घडले होते, तेही आता दिसू लागते.

पण म्हणून मिळेल तो घटक हिशेबात घालायचा नसतो. तंबाखूमुळे बाळंतपण लवकर होत असेल आणि लवकर जन्मल्यामुळे वजन कमी भरत असेल, तर गर्भारपणाचे आठवडे हे परिणामाच्या वाटेवरचे स्टेशन आहे. त्याचा हिशेब केला की तंबाखूच्या परिणामाचा एक भाग आपणच पुसून टाकतो. कोणता घटक घ्यायचा हे ठरवण्यासाठी कागदावर बाणांची आकृती काढावी. पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आलेले सर्व घटक रिग्रेशनमध्ये ढकलणे ही पद्धत सोपी आहे, आणि तिच्यामागे विचार नसतो.

पी-व्हॅल्यूबद्दल थोडेच. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये काढलेल्या निवेदनात स्पष्ट केले आहे की परिकल्पना खरी असण्याची शक्यता किंवा परिणामाचा आकार पी-व्हॅल्यू सांगत नाही. वरच्या उदाहरणात ०.८४ ते १.७१ हा इंटरव्हल ‘संबंध नाही’ असे म्हणत नाही. थोड्या संरक्षणापासून सत्तर टक्के जास्त जोखमीपर्यंत काहीही या माहितीशी सुसंगत आहे, एवढेच तो म्हणतो. मौखिक परीक्षेत हे वाक्य न अडखळता सांगता आले पाहिजे.

खऱ्या माहितीवर सराव

स्वतःची माहिती हाती येण्याआधी दुसऱ्याच्या माहितीवर हात साफ करावा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. पहिला सराव म्हणजे अहवालात छापलेला एखादा आकडा मूळ माहितीतून पुन्हा काढणे. तो पहिल्या फटक्यात जुळत नाही, आणि न जुळण्यातूनच सॅम्पलिंग वेट्स (निवड होण्याच्या शक्यतेनुसार प्रत्येक व्यक्तीला दिलेला भार) शिकता येतात: फाइलमध्ये वेट दहा लाखांनी गुणून ठेवलेले असते, ते भागून घ्यावे लागते, आणि समूह व स्तर सांगितल्याशिवाय कॉन्फिडन्स इंटरव्हल खोटा अरुंद येतो. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय राष्ट्रीय नमुना पाहणीची माहितीही अभ्यासकांना उपलब्ध करून देते; आरोग्यखर्चाच्या प्रश्नांसाठी ती जास्त उपयोगी.

सॉफ्टवेअरवरून वाद घालण्यात अर्थ नाही. ‘आर’ मोफत आहे, शिकायला वेळ घेते, पण केलेले प्रत्येक पाऊल लेखी राहते. ज्याला कोड नको त्याच्यासाठी ‘जामोवी’ आहे. वरच्यासारखे छोटे हिशेब ‘ओपनएपी’वर पडताळता येतात. मास्टर चार्ट (गोळा केलेल्या सर्व माहितीचा तक्ता) एक्सेलमध्ये ठेवायचा असेल तर एका ओळीत एक व्यक्ती, एका स्तंभात एक गोष्ट, जोडलेल्या चौकटी नाहीत, रंगांनी सांगितलेली माहिती नाही, आणि प्रत्येक सांकेतिक आकड्याचा अर्थ वेगळ्या पानावर. आधीची बाळंतपणे विचारलीच नाहीत आणि आधीची बाळंतपणे शून्य आहेत, हे दोन्ही ‘०’ने दाखवलेले चार्ट अजूनही पाहायला मिळतात.

परवानग्या, नोंदणी आणि वेळ

वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेमार्फत चालणारा जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो केवळ प्रमाणपत्रासाठी उरकू नये. सिनॉप्सिस लिहीत असतानाच केला तर त्यातील प्रत्येक धडा थेट कामी येतो. एमपीएचच्या विद्यार्थ्यांनीही तो करावा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे एकदा तरी पूर्ण वाचावीत. अभ्यासात कोणताही हस्तक्षेप असेल, मग ते आरोग्यशिक्षणाचे सत्र का असेना, तर पहिल्या व्यक्तीची नोंद होण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नाव घालावे. एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी मागाहून करता येत नाही. नैतिकतेचा प्रश्न किती गुंतागुंतीचा होऊ शकतो हे पाहायचे असेल तर उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास वाचावा. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचा त्यात सहभाग होता आणि निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. गावांचे ५२ समूह आणि १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच्या गटात या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा हॅझार्ड रेशो, म्हणजे तुलनेच्या गटाच्या मानाने मृत्यूचा वेग, ०.५२ (०.३३ ते ०.८३) आला. व्यक्तीऐवजी गावांच्या समूहांची यादृच्छिक विभागणी का केली, आणि तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी न देण्यावर पुढे टीका का झाली, हे दोन्ही प्रश्न त्या निबंधाच्या निमित्ताने अभ्यासता येतात.

लिखाण शेवटच्या सत्रावर टाकू नये. ‘पद्धती’ हे प्रकरण सिनॉप्सिस मंजूर होताच भूतकाळात लिहायला घ्यावे आणि क्षेत्रकामात झालेला प्रत्येक बदल त्याच दिवशी नोंदवावा. निरीक्षणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय काय असावे हे सांगणारी ‘स्ट्रोब’ची २२ मुद्द्यांची यादी समोर ठेवून पाहावे की कोणता मुद्दा आपल्या मजकुरात सापडत नाही. मर्यादांच्या परिच्छेदात ‘नमुना लहान होता’ एवढेच लिहून थांबू नये. कोणता दोष निष्कर्षाला कोणत्या दिशेने ओढतो ते लिहावे. मिश्रीची सवय लपवणाऱ्या स्त्रिया ‘न वापरणाऱ्या’ गटात गेल्या असतील, आणि हे लपवणे बाळाच्या वजनावर अवलंबून नसेल, तर दिसणारा फरक खऱ्या फरकापेक्षा बहुधा कमीच असेल. परीक्षकांना प्रबंधात हे वाक्य क्वचित वाचायला मिळते, आणि त्यावर पुढचा प्रश्न येतोच, म्हणून त्याचे आकड्यांतले उदाहरण वहीत तयार ठेवावे.